ज्योतीवरील पहारा : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर औद्योगिक पट्ट्यातील ज्वलन-सुरक्षेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना रेल्वे, पाणी, निर्वासितांचे पुनर्वसन आणि कामगारवर्ग हे घटक साहजिकच प्रथम पुढे येतात. तथापि, येथील बहुतेक उद्योग ज्यावर उभे राहिले ती वाफ आणि उष्णता निर्माण करणारी आग सुरक्षित कशी राखली गेली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. बर्नरमधील ज्योत पेटलेली आहे की विझली, हे ओळखणाऱ्या उपकरणास ज्योत-शोधक किंवा कारखान्यांच्या बोलीत ‘फ्लेम डिटेक्टर’ म्हणतात. कायद्याने बॉयलरमधील दाबावर दीर्घकाळ लक्ष ठेवले. ज्योतीवरील पहारा मात्र मुख्यतः कारखान्यातील माणसांच्या दक्षतेवर अवलंबून राहिला, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

औद्योगिक पार्श्वभूमी

1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्ल व खतांचा कारखाना आणि 1920 च्या दशकात स्वीडिश भांडवलावर उभा राहिलेला ‘विम्को’चा आगपेट्यांचा कारखाना यांमुळे अंबरनाथ औद्योगिक नकाशावर आले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व 1949 मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. लगतच्या शहाड येथे 1956 मध्ये सेंचुरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक व अभियांत्रिकी उद्योग वाढले. सूत, रंग, औषधे वा रसायने यांपैकी काहीही तयार करायचे असले तरी बॉयलर, भट्टी किंवा थर्मिक फ्लुइड हीटर यांपैकी एकाची गरज भासतेच.

कायद्याची दृष्टी

1863 मध्ये कलकत्ता येथे झालेल्या बॉयलर स्फोटात जीवितहानी झाली आणि 1864 मध्ये बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा आला. पुढे 1923 चा भारतीय बॉयलर अधिनियम संमत झाला व 2025 च्या बॉयलर अधिनियमाने त्याची जागा घेतली. 1923 च्या मूळ अधिनियमात ‘अपघात’ म्हणजे बॉयलरचा किंवा वाफेच्या नळीचा स्फोट अथवा त्यांची ताकद कमी करणारी हानी, अशी व्याख्या होती. पत्र्याची जाडी, सांधे आणि सुरक्षा-झडप यांवर लक्ष केंद्रित होणे त्यामुळे स्वाभाविक होते. परंतु ज्योत विझल्यावर न जळलेले इंधन भट्टीत साठून होणारा स्फोट हा निराळ्या स्वरूपाचा धोका आहे. त्यात पाण्याचा दाब पूर्णतः नियमात असू शकतो. शिवाय थर्मिक फ्लुइड हीटरमध्ये दाबाखालील वाफ तयार होत नसल्याने ते बॉयलरच्या व्याख्येतच बसत नव्हते.

इंधन आणि शोधक

कोळशाच्या जाळीवर निखाऱ्यांचा थर असतो, त्यामुळे आग क्षणात विझत नाही. झरोक्यातून पाहणाऱ्या फायरमनची नजर तेथे बहुतांशी पुरेशी होती. फर्नेस ऑईलचा फवारा मात्र क्षणात विझू शकतो. त्याची पिवळी, तेजस्वी ज्योत दृश्य प्रकाश ओळखणाऱ्या फोटोसेलला दिसते. 1974 मध्ये बॉम्बे हाय येथे तेल व वायूचा शोध लागला, 1995 मध्ये महानगर गॅसची स्थापना झाली आणि कालांतराने या पट्ट्यातही नळाद्वारे वायू उपलब्ध झाला. वायूची निळी ज्योत साध्या फोटोसेलला पुरेशी दिसत नाही. तिच्यासाठी साधारण 190 ते 270 नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणे ओळखणारी नलिका किंवा ज्योतीतून वाहणारा मायक्रोअँपिअरमधील प्रवाह मोजणारी दांडी वापरावी लागते. म्हणजेच इंधन बदलताना जुना शोधक तसाच ठेवणे धोक्याचे ठरते. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्के असताना ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. म्हणूनच ज्योत विझल्यापासून इंधन बंद करण्याची आज्ञा सुटेपर्यंतचा अवधी युरोपीय प्रमाणकात साधारणतः 1 सेकंद, तर अमेरिकी प्रमाणकात 4 सेकंद इतका मर्यादित ठेवला जातो.

समायोजन आणि चाचणी

अतिनील शोधकापुढे लायटर पेटवून पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. त्यातून नलिका जिवंत आहे एवढेच कळते. ती योग्य दिशेने पाहते आहे किंवा इंधनाची झडप खरोखर बंद होते, हे सिद्ध होत नाही. शोधकाचा रोख पायलट ज्योत व मुख्य ज्योत जेथे मिळतात तेथे असावा लागतो. त्यासाठीच्या कसोटीत पायलट ज्योत शोधकाला जेमतेम दिसेल इतकी लहान करतात आणि तेवढ्या ज्योतीनेही मुख्य बर्नर विनाविलंब पेटतो का, ते पाहतात. पेटत नसेल तर शोधकाचा रोख बदलावा लागतो. दुसऱ्या चाचणीत बर्नर चालू असताना इंधनाची हातझडप बंद करून ठरलेल्या अवधीत यंत्रणा थांबते का, हे तपासतात. ठिणगीचा प्रकाश किंवा तापलेल्या विटांची धग शोधकाला ज्योत भासत नाही ना, हेही पाहावे लागते. काचेवरील काजळी, तेलाचे कण व वाफ यांमुळे संकेत क्षीण होतो. म्हणून त्याची नोंद नियमित ठेवणे आवश्यक असते.

अतिनील नलिकेचा सर्वांत गंभीर दोष म्हणजे जुनी झाल्यावर ती ज्योत नसतानाही ‘ज्योत आहे’ असा संकेत देऊ शकते. रोज बंद-चालू होणाऱ्या बर्नरमध्ये हा दोष पुन्हा पेटवण्यापूर्वीच्या तपासणीत उघड होतो. परंतु रेयॉनसारख्या अहोरात्र चालणाऱ्या उत्पादनात तशी संधी क्वचितच मिळते. अशा ठिकाणी ठरावीक अंतराने नलिकेसमोर पडदा आणून स्वतःची परीक्षा घेणारा शोधक लागतो.

वारंवार बंद पडणारा बर्नर उत्पादनाचे नुकसान करतो आणि मग शोधकाला बगल देणारी तार जोडण्याचा मोह होतो. त्या क्षणी झरोक्यातून पाहणाऱ्या फायरमनची जुनी जबाबदारी पुन्हा माणसावर येते. फरक इतकाच की, आता झरोक्याशी कोणी उभे नसते.

समारोप

दाबाच्या धोक्यावर कायद्याने दीड शतकाहून अधिक काळ लक्ष ठेवले. ज्योतीच्या धोक्यावरील लक्ष मात्र प्रमाणके, उत्पादकांच्या सूचना आणि बॉयलर-चालकांचे अनुभव यांत विखुरलेले राहिले. या दक्षतेचा प्रत्यक्ष पुरावा कारखान्यांतील चाचणी-नोंदवह्यांत सापडू शकतो. कोणत्या पाळीत संकेत किती होता, काच केव्हा पुसली व नलिका केव्हा बदलली, या नोंदी सामान्य कामगाराच्या तांत्रिक ज्ञानाचा इतिहास सांगतात. कारखाना बंद झाला की अशा वह्या रद्दीत जातात. त्यापूर्वीच त्या मिळवून जतन करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व विज्ञान विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्यासारखे आहे.