क्लोज-रेंजची कुळकथा

युनिक्समध्ये प्रोग्रॅमने फाइल, पाइप किंवा सॉकेट उघडले की कर्नल त्याला एक लहानसा क्रमांक देतो. हाच फाइल डिस्क्रिप्टर. फोर्कने नवी प्रोसेस तयार झाली की मूळ प्रोसेसचे सगळे डिस्क्रिप्टर तिच्याकडे येतात आणि एक्झेकने दुसरा प्रोग्रॅम चढवल्यावरही एरवी उघडेच राहतात. शेलमधले पाइप या वारशावरच चालतात. पण त्यात नको तेही येते. पाइपचे लिहिण्याचे टोक चुकून नव्या प्रोसेसकडे उघडे राहिले, तर मजकूर संपल्याचे वाचणाऱ्याला कळतच नाही. तो वाट बघत अडकतो.

त्यामुळे डीमन, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम, लिहिताना शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत प्रत्येक क्रमांकावर क्लोज चालवायची पद्धत पडली. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही मर्यादा अवघी २० होती, तेव्हा हा खर्च जाणवण्याजोगा नव्हता. पुढे सर्व्हरसाठी मर्यादा वाढत गेली आणि कंटेनरांत ती दहा लाखांच्या पलीकडे पोहोचली. तीन-चार उघड्या फायलींसाठी लाखो सिस्टिम कॉल होऊ लागले, त्यातले बहुतेक ‘असा डिस्क्रिप्टर नाही’ एवढेच उत्तर घेऊन परतणारे. कोणते क्रमांक उघडे आहेत याची नोंद कर्नलकडे पहिल्यापासून होती. ती वापरायची सोय तेवढी नव्हती.

सोलारिस ९ मध्ये, २००२ साली, क्लोजफ्रॉम आले: दिलेल्या क्रमांकापासून वरचे सगळे बंद. ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडीनेही ते घेतले. लिनक्सवर मात्र बरीच वर्षे प्रॉक या, प्रोसेसांची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममधली उघड्या डिस्क्रिप्टरांची यादी वाचून काम भागवले गेले. ही वाट कच्चीच होती. क्रूटने एका डिरेक्टरीपुरत्या मर्यादित केलेल्या प्रोसेससाठी तिथे प्रॉक माउंट केलेले असेलच असे नाही. शिवाय यादी वाचायला मेमरी लागते, आणि अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये फोर्कनंतर ती मागणे धोक्याचे.

अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये लिनक्स ५.९ बरोबर क्रिस्टियन ब्राउनर यांचा क्लोज-रेंज हा कॉल आला. त्याला पहिला आणि शेवटचा क्रमांक द्यायचा. शेवट कितीही मोठा दिला तरी कर्नल प्रोसेसच्या प्रत्यक्ष डिस्क्रिप्टर-टेबलाच्या टोकालाच थांबतो. त्यातला ‘अनशेअर’ पर्याय विशेष विचारपूर्वक रचलेला आहे. टेबल इतर थ्रेडांशी सामाईक असेल तर तो आधी वेगळी प्रत काढतो, पण टोकापर्यंतचे सगळे बंदच करायचे असल्यास खालचे, राखायचे तेवढेच डिस्क्रिप्टर उतरवून घेतो. लगेच बंद करायच्या नोंदींची नक्कल करण्याचे कष्टच वाचतात. ५.११ मध्ये, तत्काळ बंद न करता एक्झेकच्या वेळी बंद होण्याची खूण संपूर्ण पट्ट्यावर करण्याची सोय झाली. ऑगस्ट २०२१ च्या जीलिबसी २.३४ या सी लायब्ररीने क्लोज-रेंज आणि क्लोजफ्रॉम दोन्ही सी प्रोग्रॅमांना उपलब्ध करून दिले.