कॉलेजचं वादविवाद मंडळ: बोला, पण मत?

कॉलेजचं वादविवाद मंडळ म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्याचं व्यासपीठ. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बहुधा दोघांचा संघ असतो: एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. म्हणजे फिरता करंडक हवा, तर एकाच कॉलेजने दोन्ही बाजू पटवून द्यायच्या! वक्त्याचं खरं मत कोणतं, हे परीक्षक विचारत नाहीत.

मत देण्याचं मात्र वेगळं. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबल्या. वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याला दहा वर्षं झाली होती. २०१६च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या. आमदार निवडायला मात्र वयाची १८ वर्षं पुरतात.