बॉनेटचा टेकू

बनशंकरी हे नाव ऐकताच महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून हात जोडले जातात. बदामीजवळची ही शाकंभरी कित्येक मराठी कुळांची कुलस्वामिनी आहे, आणि पौषी पौर्णिमेच्या सुमारास तिच्या दर्शनास जाणारी कुटुंबे आजही थोडी नाहीत. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती बनशंकरी मात्र बेंगळूर शहराच्या दक्षिणेकडील एक वसाहत होय. कनकपुरा रस्त्यावर १९१५ साली याच देवीचे एक मंदिर उभे राहिले, आणि त्याचे नाव पुढे आसपासच्या साऱ्या भागाला मिळाले. या वसाहतीत माझ्या भाच्याचे बिऱ्हाड आहे. त्याच्या घराशेजारच्या एका लहानशा गॅरेजात जे पाहिले, त्यातून आजचे भाषण सुचले.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली एक जुनी पद्मिनी तेथे उभी होती. तिचे बॉनेट उघडे होते, आणि एका ओबडधोबड काठीने ते तोलून धरले होते. मूळचा आधार केव्हाच नाहीसा झालेला असावा. मिस्त्री आत वाकून काम करीत होते. खाली पडलेला एक स्क्रू उचलण्यासाठी ते मागे सरले, आणि त्याच क्षणी रस्त्यावरून एक बस गेली. काठी निसटली आणि झाकण धाडकन खाली आले. मिस्त्रींनी एकदा स्वतःच्या मनगटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "साहेब, आज बनशंकरीनेच राखले." शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाल्यापासून या शहरात मराठीचा वास आहे, आणि या मिस्त्रींच्या घरची भाषाही तीच होती.

देवीने राखले हे खरे. पण ज्या झाकणाने त्यांचा हात चेचला असता, ते झाकण असे का झाले, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मोटारगाडीला प्रारंभी बॉनेट नव्हतेच. कार्ल बेंझची १८८६ सालची तीनचाकी पाहावी. तिचे इंजिन मागे, बैठकीच्या बुडाशी, उघड्यावर असे. १८९१ साली फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांनी इंजिन उचलून पुढे, चालकाच्या समोर आणले, तेव्हा त्याला घर मिळाले आणि घराला छप्पर मिळाले. हे छप्पर दीर्घकाळ फार समंजस होते. हेन्री फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघाली. तिचे बॉनेट म्हणजे मध्ये आणि दोन्ही कडांना बिजागऱ्या असलेले चार हलके पत्रे. ज्या बाजूला काम असेल त्या बाजूचे पत्रे दुमडून वर टाकावेत, दुसरी बाजू तशीच झाकलेली राहू द्यावी. उघडलेला पत्रा दुसऱ्या बाजूच्या पत्र्यावरच विसावत असल्यामुळे वेगळ्या टेकूची गरज नव्हती, आणि तो पडला तरी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखा नव्हता.

मग रूपाचा काळ आला. गाड्या रुंद झाल्या, चाकांवरची पंखे आणि इंजिनाचे घर ही एकजीव झाली, आणि बाजूने उघडणारे पत्रे गाडीच्या नितळ अंगावर शोभेनासे झाले. १९३६ च्या लिंकन झेफरसारख्या गाड्यांनी एकच अखंड झाकण आणले. काचेजवळच्या बिजागरीवर ते जबड्यासारखे वर उघडे. अमेरिकनांनी त्याला मगरीचे नाव दिले, आणि मला ते नाव अगदी यथार्थ वाटते. पूर्वी मिस्त्री गाडीच्या बाजूला उभा राहून काम करीत असे. आता त्याला जबड्यात मान घालावी लागली. चार पत्र्यांचे वजन एकत्र होऊन त्याच्या माथ्यावर आले, आणि ते धरून ठेवायचे कोणी, हा प्रश्न प्रथमच उत्पन्न झाला.

सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे लोखंडी दांडी. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली आपला शेतकरी जो लाकडी टेकू लावतो, त्याचेच हे भावंड. अमेरिकेतील अनेक गाड्यांत बिजागरीलाच जबर स्प्रिंगा जोडून झाकणाचा भार तोलण्यात आला. इंग्लंडात १९५९ साली निघालेल्या ट्रायम्फ हेरल्डने तर सगळा पुढचा भागच पंख्यांसकट पुढे कलंडविला. मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून तीच गाडी स्टँडर्ड हेरल्ड या नावाने आपल्या रस्त्यांवर आली. तिचे तोंड उघडले की मिस्त्री चाकाशेजारी बसून इंजिनाशी समोरासमोर बोलू शके. जीपची तऱ्हा याहून साधी. मुंबईत महिंद्रांनी १९४९ पासून जोडलेल्या या गाडीचे झाकण पार मागे उलथून काचेच्या चौकटीला टेकवावयाचे. माझ्या मते हीच सर्वांत प्रामाणिक रचना. कारण झाकण एकदा पार मागे गेले की त्याचे वजन त्याला खाली ओढीत नाही, उलट मागे रेलून धरते.

येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. पोलादी बॉनेटचे वजन साधारणपणे १५ ते २० किलो असते. ते जितके आडवे असेल तितका त्याचा भार बिजागरीपासून पुढे पडतो आणि टेकूला तो सारा पेलावा लागतो. जितके उभे करावे तितका भार बिजागरीवर सरकतो. जुन्या लाकडी पेटीचे झाकण अर्धवट धरले तर हात भरून येतो आणि पुरते उघडले तर एका बोटाने राहते, हे आपल्या आजीला ठाऊक होतेच. म्हणून मोठे काम काढावयाचे असेल तर झाकण पुरते उभे करण्याची सोय काही कारखानदारांनी मुद्दाम ठेवली. १९७६ मध्ये निघालेल्या एका मर्सिडीझ गाडीत बिजागरीवरील खटका दाबला की बॉनेट काटकोनात उभे राही. १९९५ साली पुण्याजवळ पिंपरीस जोडल्या जाऊ लागलेल्या मर्सिडीझमध्येही ही सोय होती. तथापि उभ्या झाकणाचा वैरी वजन नसून वारा आहे. ते शिडासारखे वारा धरते; म्हणून गाडीचे तोंड कोणीकडे आहे, हे खटका दाबण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

साठीच्या दशकापासून वायूने भरलेल्या दट्ट्यांचा प्रसार झाला. नळीत कोंडलेला नायट्रोजन झाकण अलगद वर ढकलतो, आणि दांडी शोधण्याचे कष्ट वाचतात. ही युक्ती सुरेख आहे. परंतु दांडी मोडली तर दिसते, दट्ट्यातील वायू मात्र वर्षानुवर्षे कणाकणाने झिरपतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंड पहाटे त्याचे बळ आणखी घटते. झाकण काल राहिले म्हणून आज राहील, या भरवशावर जो मान आत घालतो तो फसतो. अशा गाडीला जाणते मिस्त्री वेगळा टेकू लावतात, किंवा दट्ट्याच्या उघड्या दांड्यावर घट्ट पकड बसवून तो आत सरकणार नाही अशी व्यवस्था करतात. झाकण धावत्या गाडीवरच उघडून काचेवर आदळण्याचा धोका निराळा. त्यासाठी समोरून उघडणाऱ्या झाकणाला दुसरी कडी असलीच पाहिजे, असा नियम अमेरिकेने १ जानेवारी १९६९ पासून लागू केला. उभ्या गाडीत राबणाऱ्या माणसासाठी एवढी तत्परता दाखविलेली माझ्या पाहण्यात नाही.

बेंगळूरच्या त्या गॅरेजात कुर्ल्याची गाडी उभी असावी, यातही इतिहासाचा एक विनोद आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना मोटारींचा कारखाना काढावयाचा होता, आणि त्यापूर्वीच सर विश्वेश्वरय्या यांनी त्याची योजना आखली होती. म्हैसूर संस्थान साहाय्यास तयार होते. परंतु महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने पाठबळ नाकारले. १९४० च्या डिसेंबरात बेंगळुरात वालचंदांच्या हातून कारखाना उभा राहिला तो विमानांचा. मोटारींचा कारखाना १९४४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने कुर्ल्यास उभारला. पुढे १९९९ साली म्हैसूरच्या रस्त्यावर बिडदीला मोटारी निघू लागल्या, त्याही किर्लोस्करांच्या भागीदारीने. म्हणजे बेंगळूरच्या मोटारीच्या वाटेवर मराठी उद्योजक दोनदा भेटतात. आणि साठ वर्षांचे हे अंतर ओलांडूनही, आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांच्या बॉनेटखाली तीच जुनी लोखंडी दांडी आहे.

मला या दांडीविषयी तक्रार नाही. ती भार प्रामाणिकपणे उचलते; अट एवढीच की तिचे टोक तिच्यासाठी केलेल्या खाचेतच पुरते बसले पाहिजे. झाकणाच्या आतल्या बाजूला दुसरीही भोके असतात, आणि घाईत टोक त्यांपैकी एखाद्यात अडकते. म्हणून दांडी लावल्यावर झाकण हाताने हलकेच दाबून आणि हलवून पाहावे, मगच डोके आत घालावे. गाडी उतारावर उभी असेल तर आधी ती सपाट जागी घ्यावी. इंजिन तापलेले असताना दांडीही तापते आणि चटका बसल्याबरोबर हात ती सोडून देतो. त्यासाठी फडके जवळ असू द्यावे. झाकण बिजागरीवरून काढावयाचे असेल तर एकट्याने ते कधीही करू नये. आणि काठी, पाना किंवा झाडूचा दांडा टेकू म्हणून लावू नये, हे सांगताना मी जरा अडखळतो. कारण दांडी हरवलेली गाडी घेऊन जे गिऱ्हाईक येते, त्याला नवी दांडी घेण्याची तयारी क्वचितच असते, आणि जोखीम मात्र मिस्त्रीच्या मनगटाची असते.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बनशंकरीस जाणे झाले. खंडेनवमीची पूजा आटोपली होती. गॅरेजातील हत्यारांवर हळदकुंकू होते, फुले वाळली होती. मिस्त्रींनी एका लोखंडी नळीला दोन्ही टोकांस जुन्या टायरचे रबर बसवून भक्कम टेकू केला होता, आणि तो झाकणाच्या कडेला तारेने बांधण्यासाठी एक आकडाही जोडला होता. पाने आणि जॅक यांच्या रांगेत तो टेकूही मांडलेला होता, आणि त्यालाही कुंकू लागले होते. ती जुनी काठी कोठे आहे, असे मी विचारले. चहाच्या चुलीत गेली, असे ते म्हणाले, आणि पुन्हा बॉनेटखाली वाकले.