खासगी रुग्णालयात दरपत्रक लावणं बंधनकारक. नसेल तर तक्रार कुठे कराल?

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते. या कायद्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. त्यामुळे आता प्रत्येक रुग्णालयात दोन फलक दर्शनी भागात लागतात: रुग्ण हक्कांची सनद आणि १५ सेवांचे दरपत्रक. खाट, आयसीयू, डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ऑक्सिजन यांचे दर त्यात हवेत.

पेशंट दाखल करण्याआधी हे दर वाचा, शक्य असल्यास मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे बिल वाढलं तर तोच फोटो कामी येतो.

हेही लक्षात ठेवा:
- बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.
- उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.
- दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा हक्क रुग्णाला आहे.

फलक नसेल किंवा जादा पैसे घेतले, तर ग्रामीण भागातील लोकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी. सोबत बिलाची प्रत जोडावी. तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद जास्त बोलतो.