प्रवेशाचा नियम आणि नियमामागची माणसे



दरवर्षी मे-जून महिन्यांत आपल्या बेळगावातील कितीतरी घरांत एकच विषय चर्चिला जातो, तो म्हणजे प्रवेशाचा. गुण किती पडले, जागा किती आहेत, कोणता दाखला जोडायचा, फी कशी भरायची, या प्रश्नांनी घर व्यापून जाते. अशा वेळी विद्यार्थ्याच्या हाती एक माहितीपुस्तिका असते. तीत कलमे असतात, पोटकलमे असतात, तक्ते असतात. परंतु ती कलमे कोणी आणि कशासाठी लिहिली याचा एका ओळीनेही उल्लेख नसतो. त्यामुळे नियम हा पावसासारखा आकाशातून पडतो, अशी आपली समजूत होऊन बसते. वास्तविक प्रत्येक नियमामागे माणसे असतात : कोणी दार ठोठावलेले असते, कोणी ते उघडलेले असते आणि कोणी बंदही ठेवलेले असते. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे आयुष्य मुलांना शाळेपर्यंत आणण्यात गेले. म्हणून शाळेच्या पुढच्या दारामागील माणसांची ओळख करून घेणे आजच्या प्रसंगी उचित ठरेल, असे मला वाटते.

आरंभ मुंबई विद्यापीठापासून करू. विद्यापीठाची स्थापना 1857 सालची आणि पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, 1859 सालची. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही परीक्षा स्त्रियांनी द्यावी की नाही, याविषयी विद्यापीठाच्या नियमांत स्पष्ट असे काहीच नव्हते. उमेदवाराचा उल्लेख सर्वत्र पुल्लिंगी सर्वनामाने केलेला होता. 1875 साली कु. फिरोझुना सोराबजी यांनी परीक्षेस बसण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. पुढे 1883 साली विद्यापीठाने निर्णय बदलला. पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. कोणताही मोठा जाहीरनामा निघाला नाही. नियमांतील पुल्लिंगी सर्वनामाचा अर्थ स्त्री व पुरुष दोघांनाही लागू समजावा, एवढेच ठरले. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि अर्ध्या समाजाला दार मोकळे झाले.

त्या दारातून आत आलेल्यांपैकी कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. पदवी परीक्षेत त्यांनी प्रथम वर्ग मिळविला. अशा गुणवंत विद्यार्थ्याला इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. त्यांना ती स्त्री म्हणून नाकारली गेली. प्रवेशाचा नियम बदलला होता, शिष्यवृत्तीचा बदललेला नव्हता. अखेर हितचिंतकांनी वर्गणी जमविली आणि 1889 साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. तेथे 1892 साली कायद्याची परीक्षा देण्यासाठीही त्यांना खास परवानगी घ्यावी लागली. दार उघडणे ही एक गोष्ट आणि उंबरठा ओलांडण्याचे बळ देणे ही दुसरी, हे या एका उदाहरणावरून ध्यानी येते.

ही दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतकी स्वानुभवाने क्वचितच कोणी जाणली असेल. 1913 साली ते बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. एका उदार संस्थानिकाने एका विद्यार्थ्याला दिलेला तो हात होता. परंतु औदार्य हे व्यक्तीबरोबर येते आणि व्यक्तीबरोबर जाते. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले आणि त्यात उच्च शिक्षणाच्या साहाय्याची मागणी केली. 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. सयाजीरावांनी एकाला दिले ते हजारोंना हक्काने मिळण्याची ती सुरुवात होती. आपल्या शाळेतून पुढे गेलेल्या कित्येकांचे शिक्षण याच योजनेवर झाले असेल.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप बदलले. मद्रास प्रांतात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर 14 जागा जाती-धर्मांनुसार वाटून दिलेल्या होत्या. 1951 साली चंपकम दोरायराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद 15 मध्ये चौथे कलम आले, आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. तथापि मागास कोणाला म्हणावे आणि तरतूद किती असावी, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले. त्यांचे उत्तर ज्या राज्यातून निघाले त्याच राज्यात 1956 साली आपला जिल्हा समाविष्ट झालेला होता.

1960 साली म्हैसूर सरकारने डॉ. आर. नागनगौड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मागासलेपण मोजण्यासाठी राज्यातील हायस्कुलांच्या शेवटच्या तीन इयत्तांतील विद्यार्थिसंख्या आधारभूत धरली. राज्याची सरासरी दर हजार लोकसंख्येमागे 6.9 विद्यार्थी अशी निघाली आणि प्रत्येक जातीचा आकडा तिच्याशी ताडून पाहण्यात आला. शिक्षकबंधूंनो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. अशा आकड्यांचा उगम शेवटी शाळेच्या पटावर असतो. ज्या मास्तरांनी तो पट भरला, त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. परंतु धोरणाची पहिली अक्षरे त्यांच्याच टाकाने लिहिली गेली.

31 जुलै 1962 च्या आदेशाने सरकारने मागास वर्गांना 28 टक्के, अधिक मागास वर्गांना 22, अनुसूचित जातींना 15 आणि जमातींना 3 टक्के जागा दिल्या. बेरीज 68 झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात निकाल लागला. तो बालाजी खटल्याचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर जन्माने साताऱ्याचे, घराणे गजेंद्रगडचे, आणि त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालेले. विशेष तरतूद ढोबळमानाने निम्म्याहून कमी असावी आणि केवळ जात ही मागासलेपणाची एकमेव कसोटी होऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. पन्नास टक्क्यांची जी मर्यादा पुढे 1992 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने उचलून धरली, तिचे मूळ या निकालात आहे. 2019 च्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना दिलेल्या 10 टक्के जागा न्यायालयाने 2022 साली मान्य केल्यावर त्या मर्यादेविषयी पुन्हा चर्चा सुरू झाली.

गजेंद्रगडकरांचे म्हणणे सर्वांस पटले असे नाही. ज्यांच्या घरात पिढ्यानुपिढ्या पाटी आली नव्हती, त्यांना या निकालाने आपला मार्ग अरुंद झाला असे वाटले, आणि त्यांचे वाटणे निराधार नव्हते. दहा वर्षांनी, 1972 साली, देवराज अरसांच्या सरकारने राणेबेन्नूरचे एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखाली मागासवर्ग आयोग नेमला आणि 1975 साली त्याचा अहवाल आला. एकाने मर्यादा घातली, दुसऱ्याने त्या मर्यादेच्या आत कोण उपेक्षित राहिले याचा शोध घेतला. दोघांनाही एकाच प्रश्नाने ग्रासले होते : जागा थोड्या असताना न्याय कसा करावा?

तिसरे नाव जयंत पांडुरंग नाईक यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेला हा मनुष्य सविनय कायदेभंगात तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात राहून ग्रामसुधारणेच्या कामाला लागला. 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव तेच होते. महाविद्यालयांतील जागांची संख्या तेथील सोयींना धरून ठरवावी, प्रवेश निवड करून द्यावा, आणि निवडीच्या पद्धती विकसित करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मध्यवर्ती चाचणी संस्था उभारावी, अशा शिफारशी त्या आयोगाने केल्या. राष्ट्रीय परीक्षा संस्थेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती 2017 साली; म्हणजे कल्पना कागदावर आल्यापासून अर्धशतक लोटले. नाईकांचे मोठेपण असे की आपल्या कामाचा अहंकार त्यांनी धरला नाही. 1975 सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातील हाती न येणारा त्रिकोण आहे, असे त्यांनी मांडले. एक कोन पकडू जावे तर दुसरा निसटतो, हे प्रवेशाचे काम केलेल्या कोणालाही मान्य व्हावे.

पुढची कथा आपणांस ठाऊक आहे. कॅपिटेशन फीविरुद्ध कर्नाटकाने 1984 साली कायदा केला. 1993 साली उन्नीकृष्णन खटल्याच्या निकालाने खाजगी महाविद्यालयांत निम्म्या जागा गुणवत्तेवर, सरकारी फीत देण्याची योजना घातली. आणि 1994 साली राज्यात सामाईक प्रवेश परीक्षेचा कक्ष सुरू झाला. न्यायालयाने ती योजना 2002 साली रद्द केली, तरी सामाईक परीक्षेची रीत टिकून राहिली.

आता आपल्या उंबरठ्याकडे येतो. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी 'ई' प्रकार ठेवलेला आहे. कर्नाटकाच्या नियमांतही अक्कलकोट, जत अशा तालुक्यांत शिकलेल्या कन्नडिग मुलांसाठी तशीच तरतूद आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी सीमेवरच्या मुलाची आठवण ठेवली. पण सर्वच ठिकाणी ती राहिली नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची प्रश्नपत्रिका 2017 पासून मराठीतही निघू लागली. परंतु प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवरच द्यायची, असा नियम झाला. परिणामी बेळगावच्या केंद्रावर इंग्रजी-हिंदीबरोबर कन्नड मिळते, मराठी मिळत नाही. हा कोणाचा आकस आहे, असे मी म्हणणार नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राज्य होते. राज्याच्या कडेला राहणारा मुलगा नव्हता, इतकेच.

आणि म्हणूनच माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपणांपैकी कोणी प्राचार्य आहेत, कोणी वकील, कोणी शासकीय सेवेत, कोणी विद्यापीठाच्या मंडळांवर. नियमाचा मसुदा आपल्यासमोर येईल तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे, की या शब्दांच्या बाहेर कोण राहिले? 1883 साली कोणीतरी एका सर्वनामाविषयी हा प्रश्न विचारला. जे मसुद्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांनी अर्ज करावा, निवेदन द्यावे, पुन्हा पुन्हा द्यावे. दार ठोठावणारा नसेल तर उघडणाऱ्यालाही ते बंद असल्याचे कळत नाही. आणि शाळेने आपला पट चोख ठेवावा. त्या पटावरच्या एकेका नावावर उद्याचा नियम उभा राहणार आहे.