मुखपट्टीचा जाच

२०२० साली चष्म्यावर धरणारी वाफ, कानांमागे उठणारे वळ आणि दुपारपर्यंत ओलसर होऊन नाकाला चिकटणारे कापड यांचा अनुभव आपण सर्वांनी घेतला. ही कुरकुर नवी नव्हे. तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात काहींचे प्राणही गेले आहेत. आजचा धागा त्याविषयी.

प्रारंभ शस्त्रक्रियागृहात झाला. ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) कार्ल फ्ल्यूगे यांनी बोलताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून जंतू पसरतात, हे दाखवून दिले. त्याच नगरातील शल्यविशारद योहान मिकुलिच हे १८९७ साली तोंडावर गॉजचा एकपदरी पडदा बांधून शस्त्रक्रिया करू लागले. त्यातून श्वास घेणे अगदी सोपे जाते, असे त्यांनी आवर्जून नोंदवले. एकपदरी गॉजमधून न जाऊन सांगते कोणाला! त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बेर्झे यांनी सहा पदरांची पट्टी वापरात आणली. त्यांना दाढी होती. ती झाकली जावी म्हणून पट्टीची खालची कड त्यांनी एप्रनलाच शिवून घेतली. १८९९ साली त्यांनी यावर निबंध वाचला, तेव्हा एका सहकाऱ्याने आपण असले काही बांधले नाही व बांधणारही नाही, असे ठणकावून सांगितले.

असा नकार पॅरिसमध्ये पचून गेला. हार्बिनमध्ये पचला नाही.

डिसेंबर १९१०. मांचुरियातील हार्बिन शहर गोठलेले, आणि त्यात फुप्फुसाचा प्लेग. लागण झालेला मनुष्य जवळजवळ निश्चितपणे दगावत असे. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले ३१ वर्षांचे डॉक्टर वू लिएन-तेह तेथे पोहोचले. हा रोग उंदीर-पिसवांमार्फत नव्हे, श्वासातून पसरतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी सर्वांना मुखपट्टी बांधण्यास सांगितले. ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर मेस्नी यांना हे मान्य नव्हते. ते उघड्या तोंडाने रुग्ण तपासण्यास गेले आणि जानेवारी १९११ मध्ये, काही दिवसांतच, प्लेगने मरण पावले. त्यानंतर शहरात पट्टीला विरोध उरला नाही.

वू यांच्या पट्टीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ९ इंच रुंद, ३ फूट लांब गॉज उभा दुमडायचा. मध्ये ६ बाय ४ इंचांचा कापसाचा थर ठेवायचा. मग दोन्ही टोकांना १५ इंचांच्या दोन-दोन चिरा द्यायच्या. प्रत्येक बाजूस तीन बंद तयार होतात. आपल्या बाराबंदीची आठवण व्हावी, असेच हे काम. वरचे बंद कानांवरून, खालचे कानांखालून डोक्यामागे बांधायचे आणि मधले थेट टाळूवर. हा मधला बंद कशासाठी? पट्टी गळ्यात घसरू नये म्हणून. घसरलेली पट्टी सावरायला हात चेहऱ्याकडे जातो, आणि तो हात नुकताच रुग्णाला लागलेला असतो. या साथीने सुमारे ६०,००० बळी घेतले.

पहिल्या महायुद्धात वायुमुखवट्यांच्या काचांवर वाफ धरली की सैनिक आंधळाच होई. फ्रेंचांच्या तिसो मुखवट्यात आत येणारी कोरडी हवा आधी काचांवरून फिरवून घेतली होती, त्यामुळे काचा स्वच्छ राहत.

नागरिकांसाठी एवढे डोके कोणी चालवले नाही. सॅन फ्रान्सिस्कोने ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझामुळे मुखपट्टी सक्तीची केली. लोकांनी ती हनुवटीवर ओढली. काहींनी सिगारेटसाठी तिला भोकेही पाडली. २१ नोव्हेंबरच्या दुपारी सक्ती उठताच फुटपाथवर टाकलेल्या पट्ट्यांचा खच पडला. जानेवारीत सक्ती परतली, तेव्हा तिच्याविरुद्ध संघटनाच उभी राहिली. मात्र या बंडखोरांना केवळ बेजबाबदार ठरवणे मला पटत नाही. कॅलिफोर्नियाचे आरोग्याधिकारी विल्फ्रेड केलॉग यांनी प्रयोग करून १९२० साली मांडले, की जंतू अडवण्याइतका गॉज दाट केला तर श्वास कोंडतो, आणि कोंडलेली हवा कडांवरून निसटते. म्हणजे जाच जितका अधिक, तितकी गळतीही अधिक. दोष स्वभावाचा कमी, कापडाचा जास्त होता.

हा पेच सुटला तो विद्युतभारित तंतूंमुळे. अशा विरळ तंतूंकडे सूक्ष्म कण ओढले जातात. त्यामुळे गाळणी दाट करावी लागत नाही आणि श्वासही मोकळा राहतो. या तंत्राच्या विकासात टेनेसी विद्यापीठातील पीटर साई यांचा वाटा मोठा. त्यांचे पेटंट १९९५ सालचे. तथापि गळती रोखायची तर पट्टी चेहऱ्यावर घट्ट बसलीच पाहिजे. म्हणूनच २०२० साली डॉक्टर-परिचारिकांच्या नाकावर जखमा झाल्या, आणि त्यांना पट्टीखाली मऊ ड्रेसिंगचे तुकडे चिकटवावे लागले.

राहिला चष्मा. तो साबणाच्या पाण्यात बुडवून, पाणी झटकून, न पुसता वाळू द्यायचा. काचेवर उरलेला साबणाचा पातळ थर वाफेचे थेंब होऊ देत नाही. पाणी सपाट पसरते आणि आरपार दिसते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात २०११ साली या उपायावर रीतसर टिपण छापून आले होते.