आस आणि ब्रेक: गोंदियाच्या वाटेवरून जीपचा इतिहास

जीपचा इतिहास बहुधा इंजिनाच्या नावाने सांगितला जातो. किती अश्वशक्ती, कोणते युद्ध, कोणता सेनापती पुढच्या सीटवर बसला होता. गाडीखाली वाकून पाहणारे थोडे. प्रत्यक्षात या वाहनाची ऐंशी वर्षांहून अधिक काळाची कहाणी चाकांना जोडणाऱ्या आसात आणि त्यांना थांबवणाऱ्या ब्रेकमध्ये अधिक प्रामाणिकपणे नोंदली गेली आहे. हा धागा त्या दोन अवयवांचा. त्यासाठी गोंदिया जिल्ह्यासारखी कसोटीची भूमी दुसरी शोधावी लागत नाही.

झाडीपट्टीचा हा भाग धानाचा. पावसाळ्यात बांध्या भरतात, चिखलणी सुरू होते, बोड्या आणि तलाव तुडुंब होतात, नाल्यांवरचे रपटे पाण्याखाली जातात. देवरी-सालेकसाकडे डोंगर, मधोमध नवेगाव आणि नागझिऱ्याचे रान. शतकानुशतके येथली वाहतूक बंडीवर चालली. बंडीला आस होता, म्हणून मराठीत त्याला जुना शब्द आहे. ब्रेकला तसा रूढ देशी शब्द नाही, कारण सपाट मुलखात बंडी थांबवण्याचे काम बैलांच्या मानेवर सोपवलेले होते. यंत्राच्या गाडीबरोबर वस्तू आली आणि शब्दही तिच्याबरोबरच आला.

आता थोडे दूर जाऊ. 1940 च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने 135 कंपन्यांकडे चारही चाके ओढणाऱ्या हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. ही मुदत पाळली ती अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने. अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी होलाबर्डच्या लष्करी तळावर पोहोचली. इंजिन बाजारात मिळत होते, गिअरबॉक्स मिळत होता. अडचण एकच होती: पुढचा आस. चाक वळलेही पाहिजे आणि त्याच वेळी त्याला इंजिनाची ओढही मिळाली पाहिजे. टोलेडोच्या स्पायसर कंपनीने ती सोडवली, तीही नवा आस ओतून नव्हे. स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या प्रवासी मोटारीच्या आसात फेरफार करून जीपचा आस घडवला गेला. म्हणजे जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा आस बसवणारा आजचा मिस्त्री काही पाखंड करत नाही. जीप जन्मली तीच मुळी अशा जोडकामातून.

पुढे विलिस आणि फोर्ड यांनी जी लाखो जीप बनवली, तिचे अधिकृत नाव होते पाव टनाचा ट्रक. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे एक टन, इंजिन 60 अश्वशक्तीचे, चारही चाकांना 9 इंची ड्रम ब्रेक. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढचा सगळा तंटा त्यांच्याभोवती आहे. एक टन गाडी आणि पाव टन ओझे थांबवण्यासाठी ते ब्रेक पुरेसे होते.

लष्करी जीपच्या मागच्या आसात एक शहाणपण होते. गाडीचा भार घरावर, म्हणजे हौसिंगवर, आणि चाकाच्या बेअरिंगवर पडे. आतल्या दांड्याचे काम केवळ चाक फिरवण्याचे. रणांगणात दांडा तुटला तरी चाक जागेवर राही. तुटलेला दांडा बाहेर ओढून, पुढच्या चाकांच्या ओढीवर गाडी परत आणता येई. युद्ध संपल्यावर नागरी सीजे मालिका आली आणि लवकरच हा आस बदलला. नव्या रचनेत दांडाच भारही वाही आणि चाकही फिरवी. त्याच्या शंकूसारख्या टोकावर हब एका चावीने आणि एका नटाने धरलेला असे. नट सैल पडला की चावी झिजते. दांडा बाहेरच्या बाजूला तुटला, तर ड्रमसकट चाक वेगळे होते आणि त्या चाकाचा ब्रेकही त्याच्याबरोबर जातो. शेतावरच्या संथ कामाला ही रचना चालून जाई. तिची परीक्षा पुढे व्हायची होती.

याच काळात भारतात जीप आली. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. त्या युद्धाचा उरलेला माल देशभर ‘डिस्पोजल’ या नावाने विकला गेला आणि ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी ब्रिटनमधून दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागवण्याचा ऐंशी लाखांचा व्यवहार झाला. 155 गाड्या उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा तो हाच. त्याचे राजकारण सर्वत्र वाचायला मिळते. ‘दुरुस्त’ या शब्दाचा अर्थ नक्की काय, हा त्यातला तांत्रिक प्रश्न मात्र मागे पडला. रंग आणि टायर नवे दिसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 1945 साली स्थापन केलेली कंपनी फाळणीनंतर ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. मुंबईत माझगाव येथे विलिसच्या सुट्या भागांपासून जीप जोडली जाऊ लागली आणि पुढे ती येथेच घडू लागली. अमेरिकेत सीजे-थ्रीबी हे उंच बॉनेटचे मॉडेल 1953 साली आले आणि 1968 मध्ये संपले. भारतात त्याची वंशावळ त्यानंतर कित्येक दशके चालू राहिली. वनखाते, पोलीस, बांधकाम खाते, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, निवडणुकीचा प्रचार: पूर्व विदर्भात ‘साहेब आले’ याचा अर्थ ‘जीप आली’ असा होता.

मग इंजिने बदलली. सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसू लागले आणि ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या परवान्याने बनलेले. डिझेल स्वस्त होते, ओढ जबर होती. गाडी लांब झाली, मागे समोरासमोर बाकडी आली, आणि पाव टनाच्या ट्रकाची ‘काळीपिवळी’ झाली. एसटी न पोहोचणाऱ्या गावांना तिनेच बाजार, दवाखाना आणि कॉलेजाशी जोडले. तिचे हे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आत बारा-पंधरा माणसे, टपावर पोती, मागच्या पायरीवर लटकलेली पोरे, आणि खाली मात्र जुन्याच घराण्याचे ड्रम ब्रेक व तोच शंकूच्या टोकाचा आस. गाडीची ओढ वाढवण्याची घाई सर्वांना होती, कारण ओढीचे पैसे मिळतात. थांबण्याचे भाडे कोणी देत नाही.

ड्रम ब्रेकची रचना पाहिली म्हणजे गोंदियाच्या पावसात काय होत असेल ते कळते. ड्रमच्या पोटात दोन शू असतात. पाय दाबला की तेलाच्या दाबाने ते बाहेर सरकून फिरत्या ड्रमला घासतात. त्यातला एक शू ड्रमच्या फिरण्यानेच अधिक आवळला जातो, म्हणून थोड्या बळात बराच ब्रेक लागतो. पण ड्रम हा शेवटी एक डबा. रपट्यावरून गाडी गेली की पाणी आत शिरते आणि चिखल आतच सुकतो. ओले लायनर धरत नाहीत. एका बाजूचे आधी सुकले तर ब्रेक मारताच गाडी त्या बाजूला ओढली जाते. डोंगर उतरताना ड्रम तापून फुगतो आणि पेडल खाली जात राहते. त्यात जुन्या जीपला एकच मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांना मिळून एकच तेलवाहिनी. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. उरे तो हातब्रेक, आणि तोही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर.

म्हणूनच जुनी जीप आवडीने सांभाळणारे आज पहिला खर्च करतात तो येथे. वाहिन्यांचे दोन स्वतंत्र भाग करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर, 11 इंची ड्रम किंवा पुढे डिस्क, आणि हब आसाशी अखंड असलेला किंवा भार हौसिंगवर घेणारा मागचा आस. यातली कोणतीही गोष्ट एकटी बसवून भागत नाही. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते, लवकर थंड होते. पण ड्रमसारखी स्वतःहून आवळली जात नाही, म्हणून पायाला मदत करणारा बूस्टर लागतो. बूस्टर चालतो निर्वात दाबावर. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो आयता मिळतो, डिझेलमध्ये नाही. मग अल्टरनेटरला जोडलेला व्हॅक्यूम पंप हवा. ड्रमचा मास्टर सिलिंडर वाहिनीत थोडा दाब राखून ठेवतो. तोच डिस्कला जोडला तर पॅड सतत घासत राहतात. पुढे जोरदार डिस्क आणि मागे जसेच्या तसे ड्रम ठेवले, तर मागची चाके आधी अडकणार नाहीत असा दाबाचा तोल साधावा लागतो. जो मिस्त्री केवळ डिस्क बसवून गाडी हवाली करतो, त्याने अर्धेच काम केलेले असते.

येथे इतिहासाचे विद्यार्थी आणि गाडीचे मालक यांच्यात खरा वाद उभा राहतो. वस्तू मूळ रूपात जपायची की वापरण्याजोगी? कायद्यानेही याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना मान्यता मिळते. त्या मूळ स्वरूपाची व्याख्या करताना चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावे घेतली आहेत. आस आणि ब्रेक यांचे नाव तेथे नाही. इतिहास लिहिणारे ज्यांना विसरले, त्यांना नियम लिहिणारेही विसरले असे म्हणावे काय? की ब्रेक सुधारण्यास ही मूक सवलत आहे? कसेही असले तरी ज्या गाडीत माणसे बसणार आहेत तिचे 9 इंची ड्रम अस्सलपणाच्या नावाखाली तसेच ठेवणे हा जपणुकीचा हट्ट जीवघेणा आहे. काढलेले मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नोंदीसह ठेवले की इतिहासाचीही हानी होत नाही.

नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान, 1999 च्या 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तोपर्यंत रानातली जीपची जागा मारुती जिप्सीने घेतली होती. 1985 च्या डिसेंबरात आलेल्या या गाडीला पुढे डिस्क होते, पण आस अरुंद. 1993 मध्ये कंपनीनेच पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांमधले अंतर 90 मिलिमीटरने वाढवले. ‘वाइडट्रॅक’ जिप्सी ती हीच. आसाची सुधारणा कारखान्यातून, पाटी लावून विकली गेल्याचे हे विरळ उदाहरण.

आणि जिप्सीचा शेवट? एप्रिल 2019 पासून चाके अडकू न देणारी एबीएस ब्रेकप्रणाली प्रवासी मोटारींना बंधनकारक होत होती. प्रदूषणाचे नवे निकषही तोंडावर होते. इतक्या जुन्या रचनेत हे सारे बसवणे कंपनीला परवडणारे नव्हते, आणि त्याच सुमारास जिप्सीचे नागरी उत्पादन थांबले. तिकडे महिंद्राने 2010 च्या थारमध्ये पुढचा अखंड आस सोडून दोन्ही चाके स्वतंत्र केली होती आणि पुढे डिस्क दिले होते. मागे अखंड आस आणि पाटे कायम ठेवले.

जुनी जीप कोठे उभी दिसली, तर बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून पाहावे. मागच्या हबच्या मधोमध एकच मोठा नट असेल तर आस शंकूच्या टोकाचा. बोल्टांचे वर्तुळ असेल तर भार बहुधा हौसिंगवर. मास्टर सिलिंडरमधून ब्रेकला एकच नळी जाते की दोन, तेही मोजावे.